धावणाऱ्यांसाठी क्रॉस-कंट्री स्कीइंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बर्फाचा मोसम आला की अनेक धावपटू ट्रेडमिलवर चढतात आणि वसंत ऋतू येईपर्यंत कसेबसे दिवस काढतात. त्याऐवजी त्यांनी पायात स्की चढवाव्यात, असं मला मनापासून वाटतं. दम वाढवायला, हृदय तयार करायला आणि तासन्‌तास टिकून राहायला इतका चांगला पूरक व्यायाम माझ्या पाहण्यात दुसरा नाही. एक गोष्ट मात्र आधीच सांगते: स्कीइंगने दम तयार होतो, पण पायांना जमिनीचे धक्के सोसायची सवय होत नाही. खालच्या बऱ्याच उत्तरांत हा मुद्दा पुन्हा येईल, कारण सगळं नियोजन त्यावरच ठरतं.

डोंगरावरून सुसाट खाली येतात, तेच हे स्कीइंग का?

नाही, तो अल्पाइन प्रकार. त्यात लिफ्टने वर जायचं आणि उताराच्या जोरावर खाली यायचं. क्रॉस-कंट्रीमध्ये चढ, सपाटी, उतार सगळं स्वतःच्या ताकदीवर पार करायचं असतं. स्की अरुंद आणि हलक्या असतात. बूट फक्त पुढच्या टोकाला स्कीशी अडकतो, टाच मोकळी राहते. हातातले पोल मुख्यतः शरीर पुढे ढकलण्यासाठी असतात, तोल सांभाळणं हे त्यांचं दुय्यम काम.

यात दोन शैली आहेत. क्लासिकमध्ये मशीनने बर्फात पाडलेल्या दोन समांतर चाकोऱ्यांतून स्की सरकतात आणि उजव्या पायाबरोबर डावा हात, डाव्याबरोबर उजवा, अशी धावण्याच्या जवळची हालचाल असते. स्केटिंगमध्ये स्कीची टोकं बाहेर फाकवून, एकेका पायाने तिरका रेटा देत पुढे जायचं असतं. ही शैली तशी अलीकडची. फिनलंडचा पाउली सीटोनेन लांब पल्ल्याच्या शर्यतींत एक स्की चाकोरीत ठेवून दुसरीने बाजूला रेटा द्यायचा. अमेरिकेच्या बिल कोकने हीच युक्ती वापरून १९८२ चा वर्ल्ड कप जिंकला आणि मग सगळेच तिच्या मागे लागले. ऑलिंपिकमध्ये १९८८ च्या कॅल्गरी स्पर्धेपासून दोन्ही शैलींच्या शर्यती वेगळ्या झाल्या.

धावण्याला याचा खरंच उपयोग होतो का?

होतो, आणि भरपूर होतो. नॉर्वेच्या इंग्रिड क्रिस्टियानसेनचं उदाहरण घ्या. ती स्कीपटू म्हणून घडली आणि मग धावण्याकडे वळली. १९८५ मध्ये लंडन मॅरेथॉन तिने २ तास २१ मिनिटे ६ सेकंदांत जिंकली. तो विश्वविक्रम १९९८ पर्यंत कोणालाही मोडता आला नाही. तिच्याच देशाची टेरेसे योहाऊग तर धावण्याकडे वळलीही नाही. स्की शर्यतींची राणी असतानाच तिने २०१९ मध्ये नॉर्वेची १०,००० मीटर धावण्याची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली आणि पुढच्या वर्षी ओस्लोमध्ये तेच अंतर ३१ मिनिटे ४० सेकंदांत धावली.

कारण शरीरात आहे. धावताना मुख्य काम पाय आणि नितंब करतात. स्कीइंगमध्ये त्यांच्या जोडीला दंड, खांदे, पाठ आणि पोटाचे स्नायूही पूर्ण ताकदीने राबतात. इतक्या स्नायूंना एकाच वेळी ऑक्सिजन पुरवायचा तर हृदयाला एका ठोक्यात जास्तीत जास्त रक्त ढकलावं लागतं. हा ताण आठवड्यामागून आठवडे मिळाला की हृदयाची ती क्षमता वाढते, रक्तातल्या द्रवाचं प्रमाण वाढतं आणि व्हीओटू मॅक्स, म्हणजे शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा आकडा, वर सरकतो. आजवर नोंदल्या गेलेल्या सर्वांत मोठ्या व्हीओटू मॅक्स आकड्यांत स्कीपटूंची नावं पुढे असतात. तीन हिवाळी ऑलिंपिकमध्ये मिळून ८ सुवर्णपदकं जिंकणाऱ्या ब्योर्न डेलीचा आकडा ९६ सांगितला जातो. जागतिक दर्जाचे पुरुष मॅरेथॉनपटू साधारण ७० ते ८५ च्या दरम्यान असतात.

दुसरा फायदा धक्क्यांचा. धावताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट ते तिप्पट भार पायावर येतो. स्कीवर शरीर हवेत उडून आदळत नाही, पाय सरकत राहतो. म्हणून तीन तास स्कीइंग केल्यावर तुम्ही थकाल, भूक खवळेल, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या बोंबलणार नाहीत. लाँग रननंतर पायांना सावरायला जे दोन-तीन दिवस जातात, ते इथे वाचतात आणि तेवढा सराव जास्त करता येतो.

मग हिवाळाभर फक्त स्कीइंग केलं तर चालेल?

चालणार नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर सगळ्यात जास्त दुर्लक्षिलं जातं.

हृदयाला पाय कशासाठी हलताहेत याच्याशी देणंघेणं नसतं, पण हाडं, स्नायुबंध आणि खुद्द स्नायू यांना ते नेमकं कळतं. पाऊल जमिनीवर पडतं तेव्हा पोटरी आणि टाचेमागचा स्नायुबंध ताणला जाऊन ऊर्जा साठवतो आणि पुढच्याच क्षणी परत देतो. हे सगळं सेकंदाच्या छोट्याशा तुकड्यात घडतं. कमी श्रमात वेगाने धावण्याचं बरंचसं गुपित यातच आहे. स्कीवर पाय ढकलतो तो तुलनेने सावकाश आणि स्प्रिंगसारखी ही उसळी जवळजवळ नसते. हाडांचंही तसंच. आघात मिळाले तरच हाड स्वतःला मजबूत ठेवतं आणि स्कीइंगमध्ये आघातच नाहीत. उतारावर धावताना मांडीचे स्नायू लांबत असतानाच भार पेलतात, तो सरावही स्कीवर पुरेसा मिळत नाही.

म्हणून आठवड्यातून किमान दोनदा धावायचंच. फार लांब नको, अर्ध्या तासाचं सोपं रनिंगही पुरतं. शेवटी १५ ते २० सेकंदांच्या चार-सहा वेगवान धावा घातल्या तर पायांची चपळाई टिकते. हाडांना थोडेच पण ठसठशीत आघात पुरेसे असतात, त्यामुळे धावणं अगदीच अशक्य असेल त्या दिवशी काही मिनिटं दोरीच्या उड्या मारल्या तरी फायदा होतो.

क्लासिक निवडावं की स्केटिंग?

सुरुवात क्लासिकने करा. हालचाल ओळखीची वाटते, कमी वेगातही जमते आणि पहिल्याच दिवशी दोन-चार किलोमीटर जाता येतं. नितंब पुढे खेचणारे स्नायू, पोटऱ्या आणि मागे रेटा देणारे स्नायू यांना धावण्यासारखंच काम मिळतं. स्नायूंच्या दृष्टीने क्लासिक धावण्याच्या अधिक जवळ आहे.

स्केटिंग शिकायला जास्त वेळ लागतो आणि नवख्या माणसाला चढावर ते अक्षरशः लोळवतं. पण धावपटूच्या शरीरातल्या एका जुन्या उणिवेवर ते नेमकं बोट ठेवतं. धावणं सगळं पुढे-मागे चालतं, त्यामुळे खुब्याच्या बाजूचे स्नायू आणि मांडीच्या आतले स्नायू दुबळे राहतात. गुडघा आत वळणं, थकल्यावर कंबर एका बाजूला झुकणं, या तक्रारी बऱ्याचदा तिथूनच येतात. स्केटिंगच्या तिरक्या रेट्यात हेच स्नायू राबतात. ज्यांना दोन्ही शक्य आहे त्यांनी दोन्ही करावं. एकच जमणार असेल तर मी क्लासिक म्हणेन.

मी हाफ मॅरेथॉन आरामात धावतो, पण स्कीवर दहा मिनिटांत धाप लागते. असं का?

कारण तुमची ताकद पुढे जाण्यापेक्षा तोल सावरण्यात खर्च होते. धावपटूचा दम मोठा असतो, म्हणून तो चुकीच्या तंत्रानेही बराच वेळ रेटू शकतो, आणि तिथेच तंत्र कच्चं राहून जातं. शिवाय दंड आणि पाठीचे स्नायू अशा कामाला सरावलेले नसतात. ते लवकर आंबतात आणि हृदय पूर्ण ताकदीला पोचण्याआधीच हात थांबायला लावतात.

सुरुवातीचे काही आठवडे ‘सोपा सराव’ नावाची गोष्टच स्कीवर होत नाही, प्रत्येक चढ कठीण व्यायाम ठरतो. हे लक्षात घेऊनच आठवडा आखा. त्या काळात स्कीचा दिवस कठीण दिवसांत धरा आणि धावण्याचे दिवस मुद्दाम सोपे ठेवा. चढ आला की बिनधास्त चाला. स्की फाकवून मासळीच्या काट्यासारखे ठसे उमटवत चढायची पद्धत पहिल्याच धड्यात शिकवतात, ती त्यासाठीच आहे. एकदा-दोनदा प्रशिक्षकाकडून शिकून घ्या. त्या दोन तासांनी जे साधतं ते एकट्याने महिनाभर झगडूनही साधत नाही.

तंत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कोणती?

एका पायावर संपूर्ण शरीर तोलून सरकता येणं.

नवखा स्कीपटू दोन्ही स्कींवर थोडं थोडं वजन ठेवतो. पडायची भीती वाटते, म्हणून पाय पटकन खाली येतो. परिणामी स्की चालल्यासारख्या घसटत जातात. एक व्यायाम करून पाहा. सपाट चाकोरीत पोल बाजूला ठेवा, एका पायाने रेटा द्या आणि दुसऱ्या स्कीवर उभे राहून ती आपोआप थांबेपर्यंत सरकू द्या. नाक, गुडघा आणि पायाचा अंगठा एका रेषेत आले पाहिजेत. घोटा किंचित वाकलेला हवा आणि कंबर मागे बसता कामा नये. पहिल्यांदा दोन हातही जाता येत नाही. जमायला लागलं की तेवढ्याच रेट्यात दुप्पट अंतर कापलं जातं आणि हृदयाची गती खाली येते. घोट्याभोवतीचे छोटे स्नायू या व्यायामात थरथरतात. खडबडीत वाटेवर धावताना पाय मुरगळू न देणारे स्नायू हेच.

पोल मारताना हाताच्या पंजाने घट्ट आवळू नका. पट्ट्यातून हात खालून वर घालून मूठ बंद केली की जोर पट्ट्यावर येतो, आणि हात मागे गेल्यावर बोटं सैल सोडता येतात. आणि पोल दंडाने मारायचा नसतो. आधी पोटाचे स्नायू आवळून धड पुढे झुकवायचं, हात त्याच्यामागून येतात.

साहित्य विकत घ्यावं का? काय बघून घ्यावं?

पहिला मोसम भाड्याच्या साहित्यावर काढा. घ्यायचं ठरलं की आधी बूट बघा. धावण्याच्या शूजइतकीच बोटांपुढे जागा हवी आणि टाच आत हलता कामा नये. क्लासिकचा बूट चवड्याशी वाकतो, स्केटिंगचा ताठ असतो आणि घोट्याला आधार देणारा पट्टा असतो.

स्कीची लांबी लोक उंचीवरून ठरवतात, पण खरं महत्त्व वजनाला आहे. क्लासिक स्की मधोमध कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर वजन असताना कमानीखालचा भाग बर्फाला टेकत नाही, म्हणून स्की सरकते. एका पायावर पूर्ण जोर दिला की कमान दबते, तो भाग बर्फाला पकडतो आणि रेटा देता येतो. दुकानात हे कागदाने तपासतात. सपाट जमिनीवर स्कींवर उभं राहून मधल्या भागाखाली कागद सरकवायचा. दोन्ही पायांवर उभे असाल तर कागद मोकळा हलला पाहिजे, एका पायावर आलात की घट्ट अडकला पाहिजे. तुमच्या वजनाला कमान फार ताठ असेल तर स्की पकडणारच नाही आणि तुम्ही प्रत्येक चढावर मागे घसराल.

पकड येण्यासाठी त्या मधल्या भागावर तापमानानुसार मेण लावतात. मेणाच्या भानगडीत पडायचं नसेल तर खवले कोरलेल्या किंवा खाली केसाळ पट्टी बसवलेल्या स्की मिळतात. व्यायामापुरत्या त्या उत्तम. क्लासिकचे पोल साधारण उंचीच्या ८३ टक्के असावेत (शर्यतीत बुटांसह उंचीच्या ८३ टक्के ही मर्यादाच आहे) आणि स्केटिंगचे ९० टक्क्यांच्या आसपास.

एक तास स्कीइंग म्हणजे किती किलोमीटर धावणं?

असं सूत्र नाही आणि कोणी देऊ केलं तर त्यावर विसंबू नका. बर्फ रोज बदलतो. कडाक्याच्या थंडीत तो वाळूसारखा खरखरीत होतो आणि तुम्ही रखडता. शून्याच्या जवळपासच्या मऊ, गुळगुळीत चाकोरीत तोच मार्ग कितीतरी कमी वेळात संपतो. त्यामुळे वेग आणि अंतर विसरून वेळ आणि कष्ट मोजा. सोप्या रनिंगच्या एका तासाच्या जागी एक ते सव्वा तास सोपं स्कीइंग धरलं की हिशेब ढोबळमानाने जमतो. जास्तीची पंधरा मिनिटं उतारांसाठी, कारण तिथे शरीर विश्रांतीच घेत असतं.

घड्याळात हार्ट रेट जास्त दिसतो, पण थकल्यासारखं वाटत नाही. हे ठीक आहे का?

ठीक आहे. श्रम अनेक स्नायूंत वाटले गेल्यामुळे कोणताच एक स्नायू ओरडत नाही, आणि तेवढ्याच हार्ट रेटला धावण्यापेक्षा कष्ट कमी वाटतात. यातला धोका म्हणजे सोपा म्हणून ठरवलेला सराव नकळत मध्यम होऊन बसतो. बोलता येतंय का, ही कसोटी इथेही लागू पडते. चढावर पूर्ण वाक्य बोलता येत नसेल तर वेग कमी करा. नुसत्या हातांनी, दोन्ही पोल एकदम मारत जाताना मात्र उलटं होतं: हार्ट रेट कमी आणि दमणूक जास्त. तेव्हा घड्याळापेक्षा श्वासावर विश्वास ठेवा.

आठवडा कसा आखावा?

समजा तुम्ही एरवी आठवड्यातून पाच दिवस धावता. बर्फाच्या मोसमात त्यातले दोन दिवस धावण्याला ठेवा आणि तीन स्कीला द्या. एक लांब, निवांत स्कीइंग दोन ते तीन तासांचं. एक चढ-उताराच्या मार्गावर, ज्यात चढ जोरात घ्यायचे. तिसरं हलकं, तंत्रासाठी. धावण्याच्या दोन दिवसांतला एक पूर्ण सोपा आणि दुसऱ्यात शेवटी वेगवान धावा. स्कीनंतर लगेच दहा-पंधरा मिनिटं धावून घेतलं तर फारच छान. दमलेल्या शरीराने धावायची सवय राहते आणि पायांवर फार भारही येत नाही.

सरावाचा बहुतांश वेळ सोपा ठेवा. उत्तम सहनशक्ती-खेळाडू साधारण ८० टक्के सराव हलक्या तीव्रतेने करतात, हे नॉर्वेत काम करणारे संशोधक स्टीफन सायलर यांनी अनेक खेळांच्या नोंदींवरून दाखवलं. त्यात स्कीपटूही होते. अव्वल स्कीपटू वर्षाला ७०० तासांहून अधिक सराव करतात आणि उन्हाळ्यात त्यातला मोठा वाटा धावण्याचा असतो. ते धावून स्कीची तयारी करतात, तुम्ही स्कीने धावण्याची करा.

इंटरव्हल स्कीवर करता येतात का?

इंटरव्हल म्हणजे मध्ये थोडी उसंत घेत तुकड्या-तुकड्यांनी केलेला जोरकस सराव. तंत्र बसल्यावर नक्की करता येतात, आणि चढावर ते धावण्यापेक्षा सुरक्षितही असतात. ४ मिनिटांचे ४ तुकडे, मध्ये ३ मिनिटं हलकं सरकणं, हा नॉर्वेत रुळलेला प्रकार धावपटूंना अगदी मानवतो. पोटऱ्या आणि मांडीमागचे स्नायू दुखावण्याची भीती कमी असल्याने हृदयाला वरच्या टोकापर्यंत नेता येतं. तंत्र अजून डळमळीत असेल तर इंटरव्हल धावण्याच्या दिवशीच ठेवा. धडपडत केलेल्या इंटरव्हलमधून चुकीच्या सवयींखेरीज काही हाती लागत नाही.

पायाला दुखापत आहे. धावणं बंद, पण स्कीइंग चालेल का?

दुखापत कोणती, यावर अवलंबून. डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टला विचारताना नुसतं ‘स्कीइंग’ म्हणू नका, शैली सांगा, नाहीतर त्यांच्या डोळ्यांपुढे डोंगरउतार येतो.

ढोबळ अंदाज असा. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं आणि नडगीची कुरकुर, या आघाताने वाढणाऱ्या तक्रारींत स्कीइंग बहुतेकांना झेपतं. टाचेमागचा स्नायुबंध किंवा तळपाय दुखत असेल तर क्लासिकचा रेटा त्रासदायक ठरू शकतो, कारण त्यात चवडा वाकून पोटरीवर जोर येतो. तिथे नुसत्या पोलवर जाणं किंवा ताठ बुटातलं स्केटिंग बरं पडतं. जांघेचा स्नायू दुखावला असेल तर स्केटिंग बिलकूल नको. कंबर धरली असेल तर दोन्ही पोल एकदम मारणं टाळा. हाडाला बारीक चीर असेल तर परवानगीशिवाय काहीच नको, कारण सरकणं सौम्य असलं तरी पडणं सौम्य नसतं.

आणि स्कीमुळे नव्या दुखापती?

सुरुवातीला नडगीच्या पुढचा स्नायू, दंडाची मागची बाजू आणि कमरेचा खालचा भाग दुखेल. हे सवयीने जातं. अंगठ्याकडे मात्र लक्ष द्या. पोल हातात धरून पडलं की अंगठा बाहेर ओढला जाऊन त्याच्या मुळाचा अस्थिबंध फाटू शकतो. पडणार असं वाटलं की मूठ सोडा, खाली बसा आणि बाजूला, कुल्ल्यावर कलंडा. हात पुढे टेकू नका.

कडाक्याच्या थंडीत फुफ्फुसांना त्रास होतो का?

होऊ शकतो. थंड हवा कोरडी असते, जोरात श्वास घेताना श्वासनलिका कोरड्या पडतात आणि आकसतात. वर्षानुवर्षं थंडीत जोरकस सराव करणाऱ्या स्कीपटूंमध्ये दम्याचं प्रमाण इतर खेळाडूंपेक्षा जास्त आढळतं. आंतरराष्ट्रीय शर्यतींत मार्गावरच्या सर्वांत थंड ठिकाणी पारा उणे २० अंशांच्या खाली असेल तर शर्यत घेत नाहीत. साध्या सरावाला त्याहून सावध राहावं, असं माझं मत आहे. उणे १५ च्या खाली इंटरव्हल नकोत, फक्त निवांत सरकणं, तेही नाका-तोंडावर कापडी नळी ओढून. आधी पंधरा-वीस मिनिटं सावकाश वार्म-अप करा. सरावानंतर शिट्टीसारखा श्वास किंवा न थांबणारा खोकला येत असेल तर तपासून घ्या.

कपडे धावताना घालता तसेच, थरांत. निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे, नाहीतर पहिल्या चढावर घामाने भिजाल आणि उतारावर कुडकुडाल. सुती कपडे अजिबात नकोत. पाणी कोमट भरून न्या आणि तहान लागायची वाट न पाहता प्या.

बर्फच नसेल तर?

तीन पर्याय आहेत. रोलर स्की म्हणजे चाकांच्या आखूड स्की. हालचाल अगदी खरी असते, पण बहुतेकांना ब्रेक नसतो आणि खाली डांबर असतं. बर्फावर तंत्र बसलेल्यांनी हेल्मेट घालून, रहदारी नसलेल्या सौम्य चढांवर त्या वापराव्यात. फक्त धावण्याला पूरक व्यायाम म्हणून नव्याने रोलर स्की शिकायला मी सांगणार नाही, जोखीम फार आणि पदरात थोडं. दुसरा पर्याय दोऱ्या ओढायचं स्की मशीन. पाय दुखावला असताना हात, पाठ आणि पोट यांसाठी चांगलं, पण पायांना त्यात फारसं काम नाही.

तिसरा मला सर्वांत आवडणारा: पोल घेऊन चढ चढणं. तीव्र चढ शोधा, छातीपेक्षा थोडे खाली येतील असे पोल घ्या आणि क्लासिकच्याच तालात लांब ढांगा टाकत वर जा. दम वाढला की त्याच ढांगांच्या उड्या करा. उतरताना चालत या. स्कीपटू उन्हाळ्यात हेच करतात, आणि डोंगरी शर्यतींत धावणाऱ्यांना तर हा सराव थेट कामी येतो.

ट्रॅकवर काही नियम पाळायचे असतात का?

चाकोरीत चालू किंवा धावू नका, बुटांच्या खड्ड्यांनी ती मोडते. स्केटिंग करताना क्लासिकच्या चाकोऱ्या तुडवू नका. थांबायचं असेल तर बाजूला व्हा. उतारावरून येणाऱ्याला वाट द्या, कारण त्याला पटकन थांबता येत नाही.

बर्फ वितळल्यावर धावण्याकडे परत कसं यावं?

सावकाश. सगळ्यात जास्त दुखापती याच टप्प्यावर होतात, आणि त्याही हिवाळ्यात मन लावून मेहनत केलेल्यांना. पहिल्या उबदार दिवशी धावायला निघालं की श्वास कसा मोकळा चालतो, हृदय निवांत असतं, नेहमीचा वेग सहज वाटतो. म्हणून माणूस दहाचे पंधरा किलोमीटर करतो. दम काही आठवड्यांत वाढतो, पण स्नायुबंध आणि हाडांना त्याच वाढीसाठी महिने लागतात. ती तफावत मग नडगीत किंवा टाचेमागे दुखू लागते.

हिवाळाभर दोन दिवस धावणं चालू ठेवलं असेल तर पहिले तीन-चार आठवडे धावण्याचा वेळ थोडा थोडा वाढवा आणि तेवढाच वेळ स्की किंवा सायकलमधून कमी करा. एकूण तास तेच राहू द्या, फक्त वाटणी बदला. सुरुवात सपाट आणि शक्य तर मऊ जमिनीवर करा. लांब उतार सगळ्यात शेवटी आणा. इंटरव्हल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून, आधी चढावर, मग सपाटीवर. सकाळी उठल्यावर टाच किंवा नडगी दाबून पाहा. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर त्या दिवशी धावू नका, दम कितीही असला तरी. हिवाळ्यात अजिबात धावला नसाल तर पहिले दोन आठवडे धावणं आणि चालणं आलटून पालटून करा.

माझी मॅरेथॉन वसंत ऋतूच्या सुरुवातीलाच आहे. तरी स्कीइंग करू का?

करा, पण मोसमाच्या पहिल्या भागात. शर्यतीच्या आधी दहा-बारा आठवडे उरले की लाँग रन आणि शर्यतीच्या वेगाचं धावणं यांना पहिली जागा द्या. स्की सोप्या दिवसांपुरती ठेवा. मॅरेथॉनच्या शेवटच्या दहा किलोमीटरमध्ये बहुतेकांचे पाय आधी हरतात, दम नंतर, आणि ते पाय फक्त रस्त्यावर घडतात. शेवटचे तीन-चार आठवडे स्की पूर्ण बाजूला ठेवा, कारण एखाद्या पडण्याने सगळी तयारी वाया जाऊ शकते.

उलट तुमची मुख्य शर्यत उन्हाळ्यात किंवा शरदात असेल तर हिवाळ्यात स्कीच्या एखाद्या लोकप्रिय लांब शर्यतीचं ध्येय ठेवा. स्वीडनमधली वासालोपेट १९२२ पासून होते आहे, अंतर ९० किलोमीटर. नॉर्वेतल्या बिर्केबाइनेरमध्ये ५४ किलोमीटर जायचं असतं, तेही पाठीवर किमान साडेतीन किलोचं ओझं घेऊन. दोन्हींत हजारो हौशी लोक उतरतात. नवख्यांनी आधी वीस-तीस किलोमीटरची एखादी छोटी शर्यत करावी. शर्यतीनंतर आठवडाभर फक्त चालणं आणि हलकं धावणं ठेवा. पाय ताजेतवाने वाटले तरी खांदे, पाठ आणि एकूण शरीर चांगलंच शिणलेलं असतं.